दुसऱ्याचे अंगण

परदेशी राहून आलेल्या बाईला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. थंडी किती होती, आणि भाजी मिळत होती का? मला तिसराही विचारतात : "मराठीची प्राध्यापक तू, तीन वर्षे जर्मनीत केलेस तरी काय?" मी सांगते, "बालवाडी चालवली." ऐकणारा हसतो. त्याला ती थट्टा वाटते.

पण खरेच चालवली. यजमान बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या धंद्यातले. 2014 साली त्यांची रवानगी ऱ्हाइनकाठच्या लेव्हरकुसेनला झाली. रसायनांचे कारखाने सोडून रसायनांच्या कारखान्यांतच गेलो म्हणा ना! मी बिनपगारी रजा घेतली. मुलगी दोन वर्षांची होती. इमारतीत तिच्या वयाची आणखी चार मुले. त्यांच्या आयाही माझ्यासारख्याच, दुसऱ्या मुलखातून आलेल्या. एकमेकींच्या मुलांना धरता धरता वाडी सुरू झाली.

तिकडे घरात मुले सांभाळायलाही कायदा आहे. आठवड्याला पंधरा तासांहून अधिक वेळ मोबदला घेऊन सांभाळायची, तर सरकारी परवाना लागतो. आणि एका वेळी मुले पाचच! अशा बाईला तिथे 'दिवसाची आई' म्हणतात. मला तो शब्द फार आवडला. आमची वाडी मात्र आठवड्याला तीन सकाळी, नऊच तास. आणि मोबदला म्हणजे कुणी आणलेला केक. तेव्हा परवान्यावाचून निभावले.

ज्या देशात फ्रोबेलने 1837 साली लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 साली तिला 'बालकांची बाग' असे नाव दिले, तिथे माझ्यासारखीने पोळपाट-लाटणे, डाळी आणि बडबडगीते घेऊन बसावे, हे धाडसच. पण मला धीर होता तो आमच्या डहाणूच्या बाजूचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालवाडीचे काम मांडले; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई मुंबईच्या, बालशिक्षणाचे पहिले धडे त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला, म्हणजे गुजरातीत गिरवले. अनुताई पुण्याच्या. वारली पाड्यावर दोघीही परक्याच. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, खडे, पाने, बिया यांनी ती जागा घेतली. 1975 साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

आमच्या वाडीत 2016 च्या हिवाळ्यात समोरच्या बिऱ्हाडातला एक मुलगा येऊ लागला. अलेप्पोहून आलेले कुटुंब. पोर चार वर्षांचे, आणि तोंडातून शब्द नाही. दाराजवळ बसे, अंगातला कोटही काढत नसे. मी मराठीत बोलले, मोडक्या जर्मनमध्ये बोलले, हातवारे केले. तो नुसता पाही. सहा आठवडे असे गेले. त्याची आई रोज नजरेनेच विचारी, आणि मी नजरेनेच नाही म्हणे.

एका सकाळी मी कणीक मळून पाचही मुलांपुढे गोळे ठेवले. तो उठून आला. गोळा हातावर थापला आणि म्हणाला, "खुब्ज." म्हणजे भाकरी. माझी मुलगी लगेच म्हणाली, "खुब्ज!" मग सगळ्यांचाच एक गलका झाला. त्या दिवसापासून आमच्या वाडीत पोळीला खुब्जच म्हणत. पोर बोलू लागले. कारण त्याचा एक शब्द आम्ही उचलला होता. आपला शब्द दुसऱ्याच्या तोंडी ऐकणे, ही लहान मुलाला केवढी मोठी सनद वाटत असेल!

2017 साली परत आलो. मुलगी पाच वर्षांची. घरात मराठी बोले. पण खेळायची भाषा जर्मन झालेली. शाळेत घातली ती गप्पच बसली. महिन्याभरात डायरीत शेरा आला : 'मुलगी मंद वाटते. डॉक्टरांना दाखवावे.' मी तो शेरा वाचला आणि दाराजवळचे ते कोटातले पोर डोळ्यांपुढे उभे राहिले. माझी मुलगी तिच्या स्वतःच्या गावात परदेशी झाली होती.

डॉक्टरांऐवजी मी तिला तारापूरला सासूबाईंकडे नेऊ लागले. सासूबाईंनी तिला काही शिकवले नाही. अंगणात बसून त्या मासे साफ करीत, आणि प्रत्येक माशाचे जर्मन नाव तिला विचारीत. नातीला ते येत नसे. मग ती मराठी नाव मागे. दिवाळीपर्यंत तिचे तोंड सुटले ते आजतागायत बंद झालेले नाही!

आता बोईसरच्या चाळींत बघते, तर कारखान्यांच्या कामावर आलेली कुटुंबे ओडिशाची, बिहारची, उत्तर प्रदेशाची. शनिवारी मी तिथल्या एका अंगणवाडीत जाऊन बसते. मागे एक ओडिया मुलगी होती. "ती मुकी आहे," असे मला सगळ्यांनी सांगितले. मी चित्रातला मासा दाखवून 'मासा' म्हटले. बराच वेळ गेला. मग ती हळूच म्हणाली, "माछ." सेविकाताई चकित झाल्या. लगेच त्यांनीही 'माछ' म्हणून पाहिले, आणि पोर खुदकन हसले. त्या ताईंना दहा-बारा कामे, नोंदवह्या, वजने, खाऊ. तरी तो एक शब्द उचलायला त्यांना क्षणभरच लागला.

मुले मुकी नसतात. ती वाट पाहत असतात. कुणाची वाट दोन महिन्यांत संपते. कुणाच्या कपाळी 'मंद' हा शेरा तेवढ्यात चिकटतो, आणि मग ते पोर दुसरी-तिसरीत शाळेला रामराम ठोकते.

या दिवाळीत तुमची मुले अंगणात किल्ला करतील. शेजारच्या खोलीतले परप्रांती पोर कडेला उभे राहून बघत असेल. त्याच्या हातात मातीचा एक गोळा द्या, आणि मातीला त्याच्याकडे काय म्हणतात, ते विचारा.