काचेवरचा वॉश

टॅबलेटवरच्या चित्राला मी बरीच वर्षं चित्र मानत नव्हतो. माझं शिक्षण जलरंगातलं. कागदाचा पोत, पाण्याचा अंदाज आणि एकदा लागला की परत न घेता येणारा फटकारा, यांतूनच चित्र घडतं अशी माझी धारणा होती. २०१० साली आयपॅड आला तेव्हा सिनेमे बघायची, गाणी ऐकायची काच म्हणूनच मी त्याच्याकडे पाहिलं.

मत बदललं ते डेव्हिड हॉकनी या ब्रिटिश चित्रकारामुळे. कॅनव्हासवर आयुष्य घालवलेला, सत्तरी ओलांडलेला हा माणूस आधी आयफोनवर अंगठ्याने चित्रं काढू लागला, मग आयपॅडवर. इंग्लंडमधल्या ब्रिडलिंग्टन गावातल्या घरी पहाटे अंथरुणातूनच तो खिडकीबाहेरचं उजाडणं टिपायचा. मला यातलं मर्म उशिरा कळलं. रंग दिसावेत म्हणून दिवा लावला, तर खिडकीतली पहाट फिकी पडते. इथे पडद्यालाच उजेड, म्हणून अंधारातही काम चालू. म्हणजे काचेमुळे त्याला एक विषयच नव्याने मिळाला होता!

२०११ मध्ये त्याने यॉर्कशायरमधल्या वोल्डगेट या रस्त्यावरचा वसंत आयपॅडवर काढला, उघड्या फांद्यांपासून भरगच्च हिरवाईपर्यंत. त्यातली ५१ चित्रं मोठ्या आकारात कागदावर छापून २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागली. त्यांतले काही हिरवे मला आजही कर्कश वाटतात. पण डबक्यातलं आभाळ, ओली वाट, बदलता उजेड हे सगळं पकडायला जो वेग लागतो तो त्यांत आहे. निसर्गचित्रण करणाऱ्याला या वेगाची किंमत ठाऊक असते. आमच्याकडे पावसाळ्यात पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वाळेपर्यंत समोरचा ढग डोंगराआड गेलेला असतो.

मला सर्वांत जास्त हलवलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीने. हॉकनी तेव्हा वापरत असलेल्या ब्रशेस या अ‍ॅपमध्ये काढलेलं चित्र पहिल्या रेषेपासून पुन्हा उमटताना बघता यायचं. पिकासोची रेषा अशी उमटताना दिसावी म्हणून क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५६ साली आख्खा चित्रपट काढला होता. आपल्याकडे चित्रकला शिकणारी मुलं सरांच्या डेमोला पाठीमागे दाटीवाटीने उभी राहतात, ती याचसाठी. आधी आभाळ की आधी झाड, गडद कधी, थांबायचं कुठे, हे पूर्ण झालेलं चित्र सांगत नाही. तो क्रम सरांच्या हातात असतो आणि डेमो संपला की जातो. टॅबलेट तो क्रम जपून ठेवतो. शिकणाऱ्याला याहून मोठं काय हवं?

चुकलेली रेषा क्षणात पुसता येते, याबद्दल माझ्या मनात अढी अजून आहे. ओल्या कागदावर रंग आपणहून पसरतो, ते सुख काचेवर नाही, म्हणून जलरंग मी सोडलेले नाहीत. पण काचेवरचं काम आता मी चित्र म्हणूनच बघतो, आणि रेषेत जीव नसेल तर कागदावरच्या चित्राइतक्याच कडकपणे नापसंत करतो.

तुमच्या घरात मुलांच्या हाती टॅब असेल, तर त्यात रेषांचा क्रम पुन्हा दाखवणारं एक चित्रकलेचं अ‍ॅप घाला. खिडकीतून दिसणारं झाड त्यांना काढू द्या, आणि काढून झालं की ते पहिल्या रेषेपासून त्यांच्यासोबत बसून बघा.