दामदुप्पट

लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे पाटावर एक लाल बांधणीची जुनी चोपडी मांडतात. आम्ही व्यापारी नव्हे. चोपडी आहे अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आणि तिच्यात जमा थोडी, फेडच फार. आत्याच्या लग्नासाठी आजोबांनी काढलेले कर्ज अण्णांनी अकरा वर्षे फेडले. त्या अकरा वर्षांत आईला नवी लुगडी किती मिळाली, तेही त्यात सापडते. दोन! शेवटच्या पानावर ‘बेबाक’ एवढाच शब्द आणि खाली दुहेरी रेघ.

आमचे मूळ गाव सुप्याच्या बाजूचे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जरोखे जाळले. अमेरिकेतल्या यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा सावकारांचे हात सैल होते. 1865 साली ते युद्ध संपले, भाव कोसळले, पुढे हात आखडले. कर्जे मात्र होती तिथेच राहिली. ही हकीकत सांगून अण्णा हटकून म्हणायचे, “दामदुपटीचा नियम शहाण्यांनी केला रे!” थकलेले व्याज मुद्दलाएवढे झाले की सावकाराने त्यापुढे मागू नये, असा आपला जुना कायदा.

यंदा मुलाने पुण्यात घर घेतले. कर्ज 50 लाख, व्याज साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षे, हप्ता 43,391 रुपये. मी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला. फेड एक कोटी चार लाखांच्या वर! पहिल्या हप्त्यातले 35,417 रुपये नुसते व्याज. मुद्दल फिटणार 7,974. व्याज दरमहा चुकते होते, म्हणून दामदुप्पट इथे लागू होत नाही, हे मला कळते. पण जीव धसकायचा तो धसकलाच.

जामीन म्हणून सही करायला बँकेत गेलो. तिथल्या तरुण अधिकाऱ्याला विचारले, “एवढे पैसे ठेवलेत तरी कुणी?”

“कुणीच नाही, काका,” तो हसून म्हणाला. “आम्ही कर्जाच्या खात्यावर 50 लाख मांडतो आणि ठेवीच्या खात्यावर तेवढेच जमा करतो. पैसा तिथेच जन्मतो.”

मला वाटले, थट्टा करतोय. पण बँक ऑफ इंग्लंडने 2014 साली हेच लिहून ठेवले आहे. अर्थात बँकेला मनाला येईल तेवढे मांडता येत नाही. स्वतःचे भांडवल लागते, रिझर्व्ह बँकेचे नियम असतात, आणि बिल्डरने रक्कम दुसऱ्या बँकेत नेली तर तिथे खरीखुरी भरपाई करावी लागते. मुद्दल फिटत जाते तसतसा तो पैसा पुसला जातो.

रिक्षात बसल्यावर डोक्यात चक्र सुरू झाले. अण्णांनी दिलेली रोकड सावकाराच्या पेटीत तरी राहिली. पण उद्या सारेच अण्णांसारखे झाले, जुने फेडू लागले आणि नवे काढीनात, तर बाजारातला पैसाच आटेल. बिल्डरला गिऱ्हाईक नाही, गवंड्याला काम नाही, माझ्या मुलाच्या कंपनीला मागणी नाही. मग त्याचा हप्ता कुठून? म्हणजे त्याचे कर्ज फिटायला दुसऱ्या कुणी तरी नवे कर्ज काढत राहायला हवे, आणि साऱ्यांची मिळकत वाढत राहायला हवी!

मी मुलाला हे बोलून दाखवले. तो म्हणाला, “पगार वाढणारच की, बाबा!”

त्या ‘च’चा मी जामीन आहे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्याने हप्त्यांचा आठ पानी तक्ता आणला. चोपडीशेजारी तो ठेवीत सौभाग्यवती म्हणाली, “अहो, ह्यालाही कुंकू लावू ना?”

भिंतीवरच्या अण्णांच्या तसबिरीकडे न बघता मी म्हटले, “लाव.”