सपाट जमिनीची रेषा

नकाशा कोरणाऱ्यांत डोंगराला मोठा मान. उभ्या कड्यावर समोच्च रेषा एकमेकींना चिकटू न देता ओढल्या की सगळे वाहवा करतात. डेन्व्हरमध्ये याच कामात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका बाईंना ते कधीच पटलं नाही. त्यांच्या मते खरा कस लागतो कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात.

या वाळवंटात कोलोरॅडो नदीचं पाणी १९०१ मध्ये आलं, आणि १९४० च्या दशकापासून ते ऑल-अमेरिकन कालव्यातून येऊ लागलं. मेक्सिकोच्या सीमेजवळून ते उत्तरेला सॉल्टन समुद्राकडे निघतं, आणि वाटेतली शेतं नुसत्या उतारावर भिजतात. १९५० च्या दशकात त्या समुद्राची पातळी उणे २३५ फुटांच्या आसपास होती. म्हणजे इथल्या रेषांवरचे आकडे वाढतात ते खाली उतरताना.

मैलाला पाच फूट उतार धरा. उंचीत एका फुटाचा फरक पडला की रेषा जमिनीवर तीनशे मीटरहून जास्त सरकते. १:२४,००० च्या नकाशावर सव्वा सेंटिमीटरहून अधिक! डोंगरात तेवढाच फरक दिसतही नाही. त्यात शेतकरी जमीन सपाट करून घेतो, कालव्याचा भराव उंच राहतो. अशा जागी रेषा वळवायची की सरळ न्यायची?

बाई याच प्रश्नापाशी पुन्हापुन्हा येतात. या नकाशांवर हिरवा रंग बागांना आणि झाडीला मिळतो. लसूणघासाची, लेट्यूसची शेतं वाळवंटासारखीच कोरी राहतात. पाणी कुठून कुठे जातं, हे सांगायला निळे कालवे आणि तपकिरी रेषा एवढंच उरतं. म्हणून सत्तरच्या दशकात हवाई छायाचित्रं पाहून जांभळ्या रंगात सुधारणा छापल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्या चिडल्या. नवे रस्ते, नव्या इमारती आल्या, पण रेषा बहुधा होत्या तशाच. शेतात पाय न ठेवता केलेल्या कामाला त्या सुधारणा म्हणायलाच तयार नव्हत्या.

मग हात कापू लागला. नीलमण्याच्या टोकानं फिल्मवरचा लेप खरवडताना रेषेची जाडी बदलू लागली, तशी त्यांनी डोंगराची कामं शिष्येला देऊन टाकली. पुढे सपाट भागही दिला. शून्य फुटांची, समुद्रसपाटीची रेषा मात्र त्या स्वतःच कोरत राहिल्या. छापील नकाशा हाती आला की आधी तीच शोधतात, आणि ती आपली आहे हे कुणी ओळखावं असं त्यांना अजून वाटतं.