जांभ्यातला खड्डा

जामसंड्यात खड्डा खणायचा तर आधी खिसा तपासावा लागतो. देवगडच्या बाजूने पसरलेल्या या सड्यावर हातभर मातीखाली जांभा लागतो, कित्येक ठिकाणी तेवढीही माती नसते. हापूसची कलमं लावायला इथल्या बागायतदारांनी कातळात सुरुंग लावून खड्डे फोडले, बाहेरून माती आणून ते भरले, कावडीने पाणी घालून रोपं जगवली. त्या आंब्याचं नाव आज पेटीवर छापून मुंबई-पुण्यात विकलं जातं. आंब्याच्या खड्ड्यासाठी हा खटाटोप करायला कोणाची ना नव्हती. संडासाच्या खड्ड्याचा विषय निघाला की मात्र तोच कातळ एकदम अभेद्य व्हायचा.

जिची ही गोष्ट, ती याच गावची. नव्वदच्या दशकात तिच्या घरामागे, बागेच्या कडेला, चिऱ्याच्या चार भिंती आणि वर पत्रा असा संडास होता. वाडीत असे संडास मोजकेच. बाकीच्या घरांतले पुरुष सड्यावर जात, बायका पहाटे उजाडायच्या आत किंवा तिन्हीसांजेनंतर. आषाढात छत्री सांभाळत जाणाऱ्या बायकांचं हसं व्हायचं आणि बायकाही त्यात हसून घ्यायच्या. शेजारची काकी लेक बाळंतपणाला आली की पडवीत येऊन उभी राहायची. "चार दीस आमचा चेडू तुमच्याकडे येयत. चलात मां?" चालायचंच. पण ती लेक येताना स्वतःच्या विहिरीची कळशी भरून आणायची. दुसऱ्याचा संडास वापरायला हरकत नव्हती, दुसऱ्याचं पाणी वापरायचा संकोच होता. एप्रिल-मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की त्या कळशीची किंमत सगळ्यांनाच कळे.

एकदा टाकी तुंबली. रात्री कुठूनशी माणसं बोलावली गेली. मुलांना मागच्या दाराशी फिरकायची बंदी होती, तरी तिने फटीतून कंदिलाचा उजेड पाहिला आणि पत्र्याच्या डब्यांचा आवाज ऐकला. सकाळी पैसे दिले, चहाही दिला, पण तो वेगळ्या ठेवलेल्या कपांतून. ती माणसं कुठल्या गावची, त्यांची नावं काय, हे घरात कोणी विचारलं नाही. गावातल्या देवळाच्या वार्षिकाची वर्गणी, भजनी मंडळाची बारी, मुंबईकर मंडळाची सभा, असं पुष्कळ काही सगळ्यांनी मिळून करणारं हे गाव होतं. हे एक काम त्यात कधी आलं नाही.

पदवीनंतर ती मुंबईला एम.एस.डब्ल्यू.ला गेली. चाकरमान्यांच्या गावाला मुंबई नवी नसते, पण तिथे जाऊन 'समाज' शिकायचा ही कल्पना घरच्यांना जरा गमतीचीच वाटली होती. या शिक्षणाचा आपल्याकडचा उगम मुंबईतच आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात आले, तिथे १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाउस उभं राहिलं, आणि १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून त्याच वास्तूत समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. वर्ग आणि वस्ती यांची सांगड तिथे पहिल्यापासून होती आणि अजूनही समाजकार्याच्या विद्यार्थ्याला आठवड्यातले काही दिवस वस्तीत काढावेच लागतात. फील्डवर्कशिवाय ही पदवी मिळत नाही, आणि हे फार बरं आहे.

वर्गात शेरी अर्न्स्टाइनची १९६९ सालची शिडी शिकवली जायची. लोकसहभागाच्या आठ पायऱ्या. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वापरून घेणं, मध्ये माहिती देणं, विचारणं, समजूत काढणं, आणि सगळ्यात वर लोकांच्या हाती कारभार. तिला ही शिडी आवडली. सुट्टीत गावी आली की ती प्रत्येक सभेला मनातल्या मनात पायरी नेमून द्यायची. मुंबईकर मंडळाला बऱ्यापैकी वरची, ग्रामसभेला जरा खालची. या शास्त्राच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना असा एक ताप येतोच. तो आपोआप उतरतो.

तो उतरला गोवंडीकडच्या एका वस्तीत. तिथल्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत ती सकाळी उभी राहून बायकांशी बोलायची. मुंबईच्या वस्त्यांमधल्या संडासांचा इतिहास म्हणजे लोकांच्या संघटनेचाच इतिहास आहे, हे तिला तिथे कळलं. जोकिन अर्पुतम यांनी १९७४ मध्ये झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ उभा केला, १९८४ मध्ये 'स्पार्क' ही संस्था आली, दोन वर्षांनी भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची 'महिला मिलन'. या तिघांनी मिळून १९९९ पासून पुण्यात महापालिकेसाठी वस्त्यांमध्ये शेकडो सामुदायिक शौचालयं बांधली. त्यांचे आराखडे बायकांनी सुचवले. मुलांसाठी वेगळी, उघडी, धरायला दांडी असलेली छोटी भांडी, कारण मोठी माणसं रांगेतून पोरांना मागे ढकलतात आणि पोरं मोठ्या भांड्याला व अंधाराला घाबरून दारातच बसतात. हे वास्तुविशारदाला सुचणं अवघड होतं, रोज पोराला घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या आईला ते माहीतच होतं. पुढे २०११ मध्ये 'कोरो'ने आणि इतर संस्थांनी 'राइट टू पी' मोहीम काढली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून त्याच कामाचे पैसे, हा मुंबईतला रिवाज तेव्हा कुठे पेपरात आला.

गोवंडीच्या त्या संडासाची समिती, किल्ली, मासिक पास, हिशेबाची वही, सगळं तिच्या अहवालात व्यवस्थित आलं. वरच्या खोलीत राहून तो संडास धुणारं कुटुंब कुठल्या जातीचं आहे हा रकाना मात्र अहवालाच्या नमुन्यात नव्हता. तिने तो वहीत हाताने आखला. आजूबाजूच्या वस्त्यांतले रकानेही भरून पाहिले, तेव्हा उत्तरं फारशी वेगळी आली नाहीत.

त्याच सुमारास ग्रंथालयात तिच्या हाती अप्पासाहेब पटवर्धन लागले. गंमत अशी की त्यांचा गोपुरी आश्रम तिच्याच जिल्ह्यात, कणकवलीला आहे. एसटीच्या खिडकीतून पाटी अनेकदा पाहिलेली. आत कोण होतं ते कळायला मुंबई गाठावी लागली.

अप्पासाहेब १८९४ चे. तत्त्वज्ञान शिकलेले, कॉलेजात शिकवलेले, ब्राह्मण घरातले. गांधींकडे गेले आणि कोकणात परतले ते 'कोकण गांधी' म्हणूनच ओळखले गेले. १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहात ते होतेच. पण खरा प्रसंग १९३२ चा, रत्नागिरीच्या तुरुंगातला. तिथे मैला उचलायचं काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडे असायचं. अप्पासाहेबांनी ते आपल्याला द्यावं अशी मागणी केली. तुरुंगाने नकार दिला. उच्चवर्णीयाला ते काम देणं नियमात बसत नव्हतं. त्यांनी अन्न कमी केलं, प्रकृती खालावली. ही बातमी येरवड्याला गांधींपर्यंत पोचली आणि डिसेंबर १९३२ मध्ये त्यांनीही उपोषण सुरू केलं. सरकारने विचार करण्याचं आश्वासन दिल्यावर ते दुसऱ्या दिवशी सोडलं. मैला उचलायचा हक्क मागण्यासाठी दोन तुरुंगांत दोन माणसं उपाशी राहिली, हे वाचून तिला आधी हसू आलं आणि मग बराच वेळ ती पुढचं पान उलटू शकली नाही.

१९४८ मध्ये गोपुरी उभी राहिली. मैला वाहून नेण्याची गरजच उरू नये असा संडास आणि मैल्याचं सोनखत, हे तिथले प्रयोग. ज्या कामाला माणूस लागतो ते काम एका जातीच्या गळ्यात पडणारच, तेव्हा कामाची रचनाच बदला, असा तो विचार होता. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा देशाचा कायदा आला १९९३ मध्ये, अधिक कडक कायदा २०१३ मध्ये. अप्पासाहेब १९७१ मध्येच गेले.

शिक्षण संपवून ती सिंधुदुर्गात परतली आणि एका संस्थेबरोबर गावोगाव हिंडू लागली. तो काळ हागणदारीमुक्तीचा होता. महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने २००० पासून हवा तयार केली होतीच, २०१४ नंतर स्वच्छ भारतचे घरटी बारा हजार रुपये आले. प्रशिक्षणात एक पद्धत शिकवली जायची. कमल कार यांनी बांगलादेशातल्या राजशाहीजवळच्या एका गावात १९९९-२००० च्या सुमारास ती घडवली. लोकांनीच जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, कोण कुठे बसतो ते पिवळ्या भुकटीने दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून त्या जागी फेरी मारायची. शेवटी प्यायच्या पाण्याचा ग्लास. एक केस विष्ठेला लावून ग्लासात बुडवायचा आणि विचारायचं, हे पाणी कोण पिणार? कोणी हात पुढे करत नाही. मग सांगायचं, माशीला सहा पाय असतात.

हे प्रात्यक्षिक ती छान करायची. गावं हलायची, हे खरं. पण ज्या गावात पाणीच नाही तिथे तो ग्लास पुढे धरताना तिचा आवाज खाली यायचा. आणि पहाटे शिट्ट्या वाजवत, गुलाबाची फुलं घेऊन सड्यावर जाणारी गुडमॉर्निंग पथकं तिला कधीच सोसली नाहीत. पथकात पुढे साहेब, मागे शिक्षक, त्यामागे फोटो काढणारा. एका पहाटे पदराने तोंड झाकून खालीच बसून राहिलेल्या म्हातारीने, पथक जवळ आल्यावर, विचारलं होतं, "संडास बांधलास, बरा केलास. पानी खंयसून हाडू?" फूल तिच्या हातात कोणी दिलं नाही. लाज वाटायला लावून माणसं बदलतात हा सिद्धान्त ज्यांनी काढला त्यांनी लाज कोणाला परवडते हेही मोजायला हवं होतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये केंद्राच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीत हिमाचलमधला मंडी डोंगरी जिल्ह्यांत आणि सिंधुदुर्ग सपाट जिल्ह्यांत पहिला आला. सिंधुदुर्गाला सपाट म्हणणारा माणूस फोंडा घाट उतरून आला नसावा. पण आनंद खरा होता, काम खरं होतं, आणि त्यामागे हजारो बायकांनी घरात धरलेला हट्ट होता. कोणी मंगळसूत्र गहाण ठेवलं, कोणी बचत गटातून कर्ज काढलं. अहवालात शौचालयांची संख्या आली. कळशांची आली नाही.

त्या सुमारास जामसंडे आणि देवगड मिळून नगरपंचायत झाली. रस्ते, दिवे, निधी यांसाठी ते बरंच झालं असेल. तिला एक गोष्ट खटकली. ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली. १९९३ मध्ये लागू झालेल्या घटनादुरुस्तीने गावाच्या ग्रामसभेला घटनेत स्थान दिलं. शहरात मात्र प्रभाग समित्या सक्तीच्या होतात त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तरच. जामसंड्यासारख्या गावाने शहर व्हायचं म्हणजे कायद्याने मिळालेली उभं राहून विचारायची जागा सोडायची. महिला ग्रामसभेत पाण्याच्या टाकीवरून सरपंचांना धारेवर धरणाऱ्या बायका आता नगरसेवकाच्या घरी जातात, एकेकट्या. अर्न्स्टाइनच्या शिडीत या उतरणीला पायरी नाही.

आता कुणकेश्वरच्या वाटेवर होम-स्टे वाढले आहेत, आणि बहुतेकांना सेप्टिक टँक हवा असतो, मोठा, एकदाच बांधून विसरून जाण्यासारखा. तो दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, हे बांधताना कोणी सांगत नाही. जांभा सच्छिद्र. विहिरीपासून निदान दहा मीटर दूर हा ढोबळ नियम भेगा पडलेल्या कातळात पुरतोच असं नाही. उपसायला माणूस लागू नये म्हणून ती, विहिरीपासून पुरेसं लांब, दोन खड्ड्यांचा संडास सुचवते. एक भरला की वाट दुसऱ्यात वळवायची, पहिला वर्षभराहून जास्त बंद ठेवायचा, आतल्या मैल्याची कोरडी, वास नसलेली माती होते. ती काढायला कोणाला रात्री बोलवावं लागत नाही.

वाडीतला असा पहिला खड्डा उघडला तेव्हा बघायला गर्दी झाली. निवृत्त एसटी ड्रायव्हर असलेल्या घरमालकाने झाकण सरकवलं. काळी, भुसभुशीत माती. त्याने पहार टेकवली, वास घेतला आणि मागे वळून विचारलं, "हे आता काढतलो कोण?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी त्याच्याच मुलाने खोरं घेतलं. पोती भरली, आणि वाद सुरू झाला. मुलगा म्हणत होता कलमांना घालू. आई कडाडली, "आंब्याक नको. पेटयेवर आपला नाव आसता." मग माडाला घालायचं ठरलं. त्या माडाचे नारळ देवाला चालतील का, हा प्रश्न सासूने काढला आणि तो त्या दुपारी सुटला नाही.

हे सगळं बघत उभी असलेली ती निघाली, तेव्हा शेजारचा गडी तिच्यामागे पडवीपर्यंत आला. "आमचो खड्डो कदी उघडूचो?" वाट वळवल्याची तारीख झाकणावर लिहायची असते, म्हणून दोघांनी जाऊन झाकण पाहिलं. तारीख नव्हती. त्याची बायको म्हणाली गणपतीच्या आधी वळवला, तो म्हणाला नंतर. आणखी एक पावसाळा थांबायचं ठरलं, आणि या वेळी तारीख तिने बायकोकडून खिळ्याने कोरून घेतली.