आवंढा

इंग्रजी शालेय कथांना, म्हणजे निवासी शाळेतील मुलांच्या जगण्यावर बेतलेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षे बहरलेल्या कादंबऱ्यांना, अश्रूंचे वावडे होते असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात त्यांत बंदी रडण्याला नसून साक्षीदाराला आहे. कोण रडले यापेक्षा कोणासमोर रडले, हा तिथला खरा प्रश्न. मराठीतला ‘आवंढा गिळणे’ हा वाक्प्रचार या रीतीला चपखल बसतो, कारण आवंढा गिळल्याने दुःख कमी होत नाही, ते फक्त घशाखाली उतरते.

थॉमस ह्यूज यांच्या १८५७ सालच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’मध्ये हा आवंढा शाळेच्या फाटकापाशी पोचण्याआधीच गिळला जातो. रग्बीच्या ‘पब्लिक स्कूल’कडे, म्हणजे नाव सार्वजनिक असूनही मुख्यतः फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळेकडे निघालेला टॉम वडिलांशी जणू करारच करतो, की यापुढे मुके घेणे बंद, निरोप हात मिळवूनच घ्यायचा. पुढे घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीत मिळालेले तिकीट विकायला तो नकार देतो, तेव्हा दांडगी मुले त्याला पेटत्या आगीसमोर धरून भाजतात, आणि तरीही त्याच्या तोंडून कोणाचे नाव निघत नाही, कारण चुगली आणि रडणे ही त्या जगात सख्खी भावंडे मानली जातात. मात्र नियमाचे खरे रूप दिसते ते नाजूक प्रकृतीचा, पितृहीन आर्थर टॉमच्या हाताखाली येतो तेव्हा. घराबद्दल, आईबद्दल, बहिणींबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असे टॉम त्याला बजावतो. आर्थर रडवेला होतो आणि निदान तुझ्याशी तरी बोलू का, असे विचारतो. त्यावर टॉम चटकन हो म्हणतो, आपल्याला ते आवडेल असेही सांगतो, फक्त अनोळखी मुलांपुढे नको. कठोर वाटणाऱ्या शिस्तीला एक चोरदार आहे आणि त्याची किल्ली ती शिस्त शिकवणाऱ्याच्याच खिशात आहे, हे ह्यूज यांनी फार सहजपणे दाखवले आहे.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘एरिक’ या कादंबरीत फ्रेडरिक फॅरर यांनी हा दार-किल्लीचा हिशेबच मोडला. तिथे मुले पश्चात्तापाने, प्रार्थनेने, मृत्यूने मनसोक्त रडतात (इतकी, की आजचा वाचक कंटाळतो), आणि १८९९ सालच्या ‘स्टॉकी अँड कंपनी’त रुडयार्ड किपलिंग यांची पात्रे याच पुस्तकाची यथेच्छ टिंगल करतात. योगायोग असा, की रडवणारा आणि टिंगल करणारा, दोघेही मुंबईत जन्मलेले. हिंदुस्थानात नोकरी करणारे इंग्रज आईबाप मुलांना लहानपणीच मायदेशी धाडत. किपलिंग स्वतः वयाच्या सहाव्या वर्षी असे परक्या घरी गेले होते. ज्याला रडून आई भेटणार नव्हती, त्याने रडण्याची चेष्टा केली, तर त्या चेष्टेला निव्वळ टवाळी म्हणणे कठीण आहे.

१९४६ सालापासून आलेल्या एनिड ब्लायटन यांच्या ‘मॅलरी टॉवर्स’ मालिकेत, जी मराठी घरांतील मुलींनीही आवडीने वाचली, ग्वेंडोलीनला निरोप देताना आई आणि घरी शिकवणारी शिक्षिका फलाटावरच रडतात आणि कथा त्यांना क्षमा करत नाही. इथे संयमाची जागा कुचेष्टेने घेतली आहे, कारण टॉमने आर्थरसाठी उघडे ठेवलेले दार ग्वेंडोलीनसाठी कोणी ठेवत नाही. याच वाचकांच्या हाती १९३५ सालची साने गुरुजींची ‘श्यामची आई’ही असे, जिथे सांगणारा आणि ऐकणारे रात्री एकत्र बसून डोळे पुसतात. एकाच घरात, एकाच फळीवर ही दोन पुस्तके शेजारी राहिली आणि मुलांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

ह्यूज यांच्या कादंबरीच्या शेवटी टॉम मोठा झालेला आहे. स्कॉटलंडात मासेमारी करताना त्याला आपले मुख्याध्यापक डॉ. आर्नल्ड वारल्याचे कळते, तो तडक रग्बीला येतो, प्रार्थनामंदिरात एकटाच जातो आणि पहिल्या रविवारी जिथे बसला होता त्या सगळ्यात खालच्या बाकावर जाऊन बसतो. नंतर तो वेदीपाशी गुडघे टेकतो, आणि इतका वेळ त्याच्या मागे असलेला लेखकही त्याला तिथेच सोडून बाहेर पडतो.