मापाची भेट

नाताळच्या भेटींबाबत आमच्या घरात एकच नियम आहे. भेट ज्याला द्यायची, त्याच्या मापाची हवी. विकत आणू नये असं कुणी ठरवलेलं नाही. पण मापाची वस्तू बाजारात सहसा मिळत नाही, म्हणून ती घरी करावी लागते. पैसे वाचतात, घरभर चकचकीत वेष्टनांचा कचरा होत नाही, हे सगळं त्याच्या मागोमाग आलं.

मी गडचिरोलीत बांबूकामाचे वर्ग घेते. जातीने बुरड नाही. एका बुरड आजोबांच्या ओट्यावर बसून हे काम शिकले, पुढे चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मोजपट्टी हातात आली. आजोबांना पट्टी लागत नसे. कुणी सूप मागायला आलं की ते आधी विचारायचे, "कोनासाठी?" मला म्हणायचे, "ज्याचं सूप, त्याचा हात पाह्य पयले, मंग बांबू."

आमच्या रानात बांबू दोन प्रकारचा. कटांग जाड, काटेरी, आतून पोकळ. मानवेल बारीक, जवळजवळ भरीव, चिवट. मी भेटींसाठी मानवेलच घेते, तोही तीन वर्षांचा. कोवळा बांबू वाळला की आक्रसतो, शिवाय त्याला भुंगा लागतो आणि वस्तूखाली रोज पिठासारखा भुसा पडतो. बांबू फोडायचा तर आधी बरोबर निम्मा, मग निम्म्याचा निम्मा. चीर सरळ जाईल याची खात्री नसते. एक बाजू केसभर पातळ झाली की चीर तिकडेच पळते. अशा वेळी नवशिका कोयता दाबतो. खरं तर कोयता सैल सोडायचा आणि जाड बाजू हाताने वाकवायची. चीर आपोआप मधोमध परत येते. डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या अंगणात हेच चालतं. धानाची मळणी आटोपत आलेली असते, थंडी मी म्हणत असते, आणि दोघंजण एकाच बांबूची दोन टोकं धरून बसलेले असतात. एकट्याने लांब बांबू फोडता येतो, पण दुसऱ्याने टोक धरलं तर गप्पाही होतात. वर्षभर फोनवर न झालेली बोलणी तिथे होतात.

मोठ्या आईची बोटं संधिवाताने आखडली आहेत. बाजारच्या सुपाचा काठ तिला धरवत नाही. तिच्यासाठी सूप केलं ते उथळ आणि अरुंद, काठ जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून जाड केलेला. त्यासाठी आधी तिच्या शेजारी बसून तांदूळ पाखडावे लागले. ती मनगटाने नाही, कोपरापासून झटका देते हे तेव्हा दिसलं. बाबांना रात्री चष्मा सापडत नाही. त्यांच्या पलंगाच्या दांडीला अडकवायचं चष्म्याचं घर विणलं, तेव्हा दुपारी ते झोपले असताना चष्म्याचं माप चोरून घ्यावं लागलं. पुण्याच्या भावाला विणकाम जमत नाही. तो येतो आणि घरातल्या सगळ्या विळ्या, कोयते, कात्र्यांना धार लावून देतो. ही त्याची भेट वर्षभर पुरते. वहिनी मोहफुलं भाजून तीळ-गुळात लाडू करते, आजोळची चारोळी केकवर पडते, आणि गव्हाणीला लागणारं तणीस शेजारच्या खळ्यावरून फुकट येतं. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हा त्यालाही गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव एवढंच लागलं होतं.

दारावरचा तारा मात्र सगळ्यांनी मिळून करायचा. दहा कामट्या सारख्या लांबीच्या. पाच-पाचच्या दोन पंचकोनी चांदण्या बांधायच्या, प्रत्येक कामटी एकीच्या वरून तर दुसरीच्या खालून नेत. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं दोऱ्याने आवळायची, आणि मधल्या पाच छेदांवर पाच बुटक्या काड्या तटवायच्या. काडी बसली की चपटा सांगाडा फुगून उभा राहतो. मुलांना हा क्षण फार आवडतो. काडी लांब झाली तर टोकांचे दोरे तुटतात, आखूड झाली तर आत दिवा मावत नाही. फिलिपिन्समधला पारोल नावाचा नाताळचा तारा याच रीतीने बांबू आणि कागदाचा होतो. जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरेव्हियन पंथाच्या शाळेत १८३०च्या दशकात कागदी तारा भूमितीचा पाठ म्हणून घडला, असं सांगतात. माझ्या भाचीने कोनमापक याच ताऱ्यासाठी आपणहून दप्तरातून काढला.

या कौतुकाला एक दुसरी बाजू आहे. आम्ही साधेपणा निवडला. बुरड आळीतल्या घरांवर तो परिस्थितीने लादला आहे. सुपावर दिवसाचा बराच भाग जातो आणि गिऱ्हाईक प्लास्टिकच्या सुपाच्या किमतीशी त्याची तुलना करतं. बांबूही सहज मिळत नसे. १९२७च्या वन कायद्याने या गवताला झाड मानलं होतं, आणि जंगलाबाहेरच्या बांबूची त्यातून सुटका व्हायला २०१७ उजाडलं. जंगलातला बांबू टनांच्या हिशेबाने बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाई. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ यावा लागला. माप कुणी धरायचं, हा प्रश्न सुपापुरता नसतो.

म्हणून आम्ही भेटी घरी करत असलो तरी घरातल्या टोपल्या, डाल्या, सुपं बुरडांकडूनच घेतो, सांगतील त्या भावाने. ज्याने बांबू फोडून पाहिला आहे, त्याच्या तोंडून घासाघीस निघत नाही. हाताने काही करण्याचा मला दिसलेला सगळ्यात रोकडा फायदा हाच. भेट घेणाऱ्याला आपण नीट पाहतो, तसं त्याच कामावर पोट असलेल्यालाही पाहायला लागतो.

सुरुवात करायची असेल त्यांना माझा सल्ला : दिवाळीचा आकाशकंदील उतरवाल तेव्हा कागद काढा, कामट्या ठेवा. आमच्या गल्लीतल्या चार घरांतून अशा कामट्या आता न मागता येतात, आणि नाताळला त्यांचेच तारे त्या घरांत फराळाच्या ताटाबरोबर परत जातात. कंदिलाच्या कामट्या कधी तोकड्या पडतात. मग तारा लहान होतो. अशा वेळी तो ज्याचं दार लहान आहे त्याला द्यावा.