आमच्या गाडीच्या तारा

'उन्हाळ्याच्या सुट्टीत मी काय केले' हा निबंध मी दर जून महिन्यात नववीच्या वर्गास लिहावयास सांगतो. यंदा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, तुम्ही काय केलंत?" वर्ग हसला, मीही हसलो, परंतु उत्तर देण्याचे मी टाळले. ते उत्तर येथे देत आहे. त्यात शिक्षकाची थोडी अप्रतिष्ठा आहे, ती विद्यार्थ्यांनी गोड मानून घ्यावी.

आमच्या घरी एक प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम फियाट ११०० या नावाने जी गाडी तयार होत असे, तिचेच हे पुढील नाव. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तुमच्या आईवडिलांनी ती पाहिली असेल. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निघून गेली. आमची गाडी माझ्या वडिलांनी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. ते सुतारकामाचे शिक्षक होते. २०१६ साली ते वारले, आणि तेव्हापासून गाडी चिंचेखालच्या पत्र्याच्या छपरात उभी होती. तिच्यात उंदरांनी दोन पिढ्या वाढविल्या असाव्यात.

माझा मुलगा यंत्रशास्त्राच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षास आहे. गाडी पुन्हा चालती करावयाची, हा हट्ट त्याचा. कार्ब्युरेटर, ब्रेक, टायर ही कामे गावातील कारागिरांनी केली; ती येथे सांगत बसत नाही. बॉनेट उघडल्यावर जे दृश्य दिसे, त्याची मात्र मला लाज वाटू लागली. वडाच्या पारंब्या एकमेकींत गुंतून लोंबाव्यात तशा तारा सर्वत्र लोंबत होत्या. बॅटरीपासून स्टार्टरकडे, कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे, दिव्यांकडे, हॉर्नकडे. काहींवर चिकटपट्टी वितळून काळा डिंक झाला होता. आणि जवळजवळ प्रत्येक तारेला जुन्या पोस्टकार्डाचा एक तुकडा दोऱ्याने बांधलेला. त्यावर बाबांच्या टाकीव अक्षरांत 'डावा दिवा', 'कॉइल', 'ऑइलचा दिवा' असे लिहिलेले. धुळीने व तेलाने ते तुकडे मळून गेले होते.

मुलाने मला काही छायाचित्रे दाखविली. हौशी लोक आपल्या गाडीच्या इंजिनाभोवतीची एकही तार दिसू देत नाहीत. तारा पुढील चाकांवरच्या मडगार्डच्या आतून नेतात, बॅटरीच्या पत्र्याखालून वळवितात, आणि रंगविलेल्या स्वच्छ जागेत इंजिन देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे एकटे शोभते. मला तो प्रकार फार आवडला. फळ्यावरचे अक्षर वाकडे झाले तर मी अख्खी ओळ पुसून पुन्हा लिहितो, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

मुलगा म्हणाला, "पप्पा, आधी आकृती काढू या. कोणती तार कुठून कुठे जाते ते कागदावर येऊ दे." मी म्हणालो, "तारा आहेतच किती!" जो मनुष्य गणिताच्या वहीत कच्चे काम दाखविले नाही म्हणून अर्धा गुण कापतो, त्याच्या तोंडचे हे वाक्य आहे. पोस्टकार्डाचे तुकडे मी कात्रीने कापले आणि एका डब्यात टाकले. तो डबा पुढे भंगारवाल्याच्या गाडीवर गेला. इंजिनाभोवतीचा सारा पत्रा आम्ही घासून, पुसून पांढरा रंगविला. तारा मडगार्डच्या आत लोटल्या. जेथे तार आखूड पडली तेथे दुसरी पिळून जोडली व वर चिकटपट्टी गुंडाळली. तीन आठवड्यांनी बॉनेट उघडले तेव्हा शेजारचे दोघे गृहस्थ पाहावयास आले आणि एक म्हणाले, "मास्तर, हे तर दवाखान्यासारखं दिसतंय!" ती स्तुतीच होती.

मेच्या अखेरीस आईला घेऊन मी मावशीच्या गावी गेलो. मुलगा परीक्षेमुळे घरी राहिला. परतताना दिवस मावळला. दिवे लावले तर प्रकाश कंदिलाइतका. हॉर्न वाजविला की तोही मंदावे. ज्वारीच्या मोकळ्या रानांमधला रस्ता, समोरून उसाचे व वाळूचे ट्रक. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर रबर जळाल्याचा वास आला, बॉनेटच्या फटीतून धूर निघाला आणि इंजिन थांबले. चावी बंद करताच धूर ओसरला, ही देवाची कृपा. तरी मी बॅटरीची तारही काढून टाकली.

हातातील बॅटरीच्या उजेडात मी बॉनेट उघडून उभा राहिलो. समोर शुभ्र पांढरा पत्रा. पाहावयास एकही तार नाही. कोणती जळाली, कोठे जळाली, काही कळावयास मार्ग नाही. प्रत्येक ट्रक जवळून जाताना गाडी हादरे, आणि मागे दिवा नसलेल्या त्या गाडीत माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई बसलेली. मी तिला हात धरून उतरविले व रस्त्यापासून दूर बांधावर बसविले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांनी कागद बांधले होते ना सगळ्या तारांना?"

मी काहीच बोललो नाही. एका दुधाच्या टेंपोने आम्हांला दोर बांधून गावापर्यंत ओढत आणले, तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी गाड्यांचे वायरिंग करणारे एक वृद्ध कारागीर आले. त्यांना सर्व गाव चाचा म्हणते; बाबांचा व त्यांचा जुना स्नेह. त्यांनी एका टोकाला चिमटा व दुसऱ्या टोकाला सुई असलेला लहानसा दिवा काढला आणि अर्ध्या तासात दोन दोष दाखविले.

पहिला दोष दहावीच्या विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावा. मोटारीत बॅटरीपासून दिव्याकडे एकच तार जाते. परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. ती परतीची तार जेथे पत्र्याला बोल्टने आवळलेली असते, तेथे मी रंग फासला होता, आणि दोन्ही दिव्यांची व हॉर्नची परतीची तार त्या एकाच बोल्टवर आणली होती. दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे. १२ व्होल्टवर दोघांस मिळून ७.५ अँपिअर प्रवाह लागतो. रंगामुळे तेथे ०.३ ओहमचा जरी रोध आला तरी सुमारे २ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. दिव्याचा प्रकाश व्होल्टच्या मानाने फार झपाट्याने घटतो. तो जवळजवळ अर्ध्यावर येतो. ओहमचा नियम मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे.

दुसरा दोष मडगार्डच्या आत होता. पत्र्याच्या ज्या भोकातून तारांचा जुडगा नेला, त्याच्या धारेला रबरी कडे बसविले नव्हते. इंजिनाच्या थरथरीने कॉइलच्या तारेचे वेष्टण त्या धारेवर कातरले गेले व तांबे पत्र्याला टेकले. त्या तारेच्या वाटेत फ्यूज नव्हता. शेजारच्या चार तारा तिच्याबरोबर वितळल्या होत्या.

चाचा म्हणाले, "सर, तार लपवायला हरकत नाही. पण बाहेरून कळलं पाहिजे की आत काय आहे." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "ते मास्तरांचे कागद कुठे गेले?" हाच प्रश्न दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दर शनिवारी दुपारी आम्ही ते काम पुन्हा पहिल्यापासून केले. या वेळी प्रथम आकृती. पिळलेले सांधे काढून तेथे दाबून बसविलेल्या पितळी टोप्या घातल्या. प्रत्येक भोकाला रबर, कॉइलच्या तारेत फ्यूज, बोल्टखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला. प्लगच्या चार तारा मी एकत्र बांधू पाहत होतो, त्या चाचांनी सुट्या ठेवावयास लावल्या. जवळजवळ समांतर राहिल्या तर एकीतील उच्च दाबाचा धक्का दुसरीत उमटू शकतो. काही तारा मडगार्डच्या आत राहिल्या, काही बाहेर आल्या. पहिली शोभा आता नाही.

हॉर्नची तार शोधीत मुलगा स्टिअरिंगच्या खाली पाठीवर निजला होता. तेथून तो म्हणाला, "पप्पा, हे बघा." माझ्या कात्रीतून सुटलेला पोस्टकार्डाचा एक तुकडा तेथे तसाच होता. त्यावर लिहिले होते: 'हॉर्न. ओढू नये.'

नव्या पट्ट्या मुलाने आपल्या हाताने लिहून तारांना लावल्या आहेत. हा तुकडा जेथे होता तेथेच ठेवला. चालविताना तो कधी कधी माझ्या गुडघ्याला लागतो. आई मागे बसते. हॉर्न अजून मधूनमधून वाजत नाही. त्याचे कारण येत्या शनिवारी पाहावयाचे आहे.